डासाच्या कांजीत 'बुन' आला कुठून?

प्रश्न असा होता: जपानीच्या क्लासमध्ये डासाची कांजी (जपानीत वापरतात ते चिनी अक्षर) शिकवताना सांगितलं की डावीकडे किडा आणि उजवीकडे 'बुन', कारण डास बुन्न करत कानाशी येतो. लक्षात एकदम बसलं. पण चायनीज शिकणारी मैत्रीण म्हणाली की त्यांच्याकडे हेच अक्षर 'वेन' वाचतात, आणि जपानीतही डासाला कोणी बुन म्हणताना ऐकलं नाही, 'का' म्हणतात. मग खरं काय? आणि कोरियन, व्हिएतनामीत पण हेच अक्षर आहे का?

मी २५ वर्षं पुण्यात जपानी शिकवते आणि दुभाषाचं काम करते, मधली काही वर्षं चिनीही मन लावून शिकले, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय, कारण ही बुन्नची गोष्ट मला दरवर्षी नव्या बॅचमध्ये कोणीतरी सांगतंच. आधी थोडक्यात सांगते. पाठ करायला युक्ती म्हणून ती ठीक आहे, इतिहास म्हणून चूक आहे. उजवीकडचं अक्षर तिथे आवाजासाठीच बसवलंय हे बरोबर, पण तो आवाज डासाच्या पंखांचा नाही, जुन्या चिनी भाषेत डासाला जो शब्द होता त्या शब्दाचा आहे, आणि तो तेव्हा 'ब' ने नाही तर 'म' ने सुरू व्हायचा.

आता अक्षर बघू. डावीकडे किड्याचं चिन्ह, ६ रेघा. उजवीकडे लेखन, साहित्य या अर्थाचं चिन्ह, ४ रेघा, जपानीत बुन्का म्हणजे संस्कृती या शब्दातलं ते पहिलं अक्षर. एकूण १०. आपण देवनागरीवाले, अक्षर दिसलं की उच्चार कळलाच, त्यामुळे आपल्याला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण बहुतेक चिनी अक्षरं अशीच दोन तुकड्यांची असतात, एक तुकडा सांगतो मी कुठल्या जातीतला आणि दुसरा सांगतो माझा उच्चार साधारण कसा. म्हणजे डासाचं अक्षर सांगतं की 'किड्यांपैकी एक, ज्याचं नाव लेखनाच्या अक्षरासारखं ऐकू येतं तो'. साहित्याचा डासाशी काही संबंध नाही, डासाच्या पायावरच्या पट्ट्यांचा, नक्षीचाही नाही (हेही कोणीतरी सांगतं, कारण त्या अक्षराचा मूळ अर्थ नक्षी असा होता).

डावीकडचं चिन्हही मुळात किडा नव्हतं बरं का. ते सापाचं चित्र होतं, विषारी सापाचं. किडा लिहायला तेच चिन्ह तीनदा लिहायचे, वर एक आणि खाली दोन, तैवान आणि हाँगकाँगमध्ये सुटा 'किडा' शब्द अजून तसाच लिहितात, चीन आणि जपानने तो सोपा करून एकच ठेवला. म्हणून या चिन्हाखाली साप आहे, बेडूक आहे, कोळंबी आहे, शिंपला आहे, आणि इंद्रधनुष्यसुद्धा आहे, कारण जुन्या चिनी लोकांना आकाशातलं ते पाणी प्यायला खाली वाकलेलं मोठं सापासारखं जनावर वाटायचं. सरपटणारं, वळवळणारं, गुणगुणणारं सगळं एका पोत्यात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. चीनचा पहिला मोठा अक्षरकोश शू शन नावाच्या विद्वानाने इसवी सन १०० च्या सुमारास पुरा केला आणि १२१ मध्ये त्याच्या मुलाने तो दरबारात सादर केला. त्यात डासाची नोंद आहे, 'माणसाला चावणारा उडणारा किडा' असा सरळ अर्थ दिलाय, पण मुख्य अक्षर म्हणून जे दिलंय ते आपलं हे नाहीच! तिथे खाली दोन किडे शेजारी शेजारी आणि वर 'प्रजा' या अर्थाचं अक्षर, आजच्या चिनीत मिन, ते आवाजासाठी. मग म्हणतो, काही जण वर 'तिन्हीसांज' या अर्थाचं अक्षर लिहितात, आणि कारण देतो: कारण तो तिन्हीसांजेला बाहेर पडतो. आणि शेवटी, जाता जाता, म्हणतो की एका किड्याच्या बाजूला लेखनाचं अक्षर, हे सामान्य लोकांमध्ये चालणारं रूप. चिनी कोशात त्यासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थ गावठी, बाजारी, शिष्टसंमत नसलेलं असा होतो.

म्हणजे आज बीजिंगपासून टोकियोपर्यंत शाळेत जे शिकवतात ते १९०० वर्षांपूर्वी गावठी रूप होतं, आणि पंडितांची दोन्ही रूपं आता कोशातच उरली. लिहायला सोपं ते टिकलं. पण ते तिन्हीसांजेचं रूप गेलं याची मला खरंच हळहळ वाटते. दिवेलागणीला आजी ओरडायची, खिडक्या लावा गं, डास येतील, तेच कोणीतरी चीनमध्ये एका अक्षरात लिहून ठेवलं होतं. (त्यातही तिन्हीसांज अर्थासाठी आणि आवाजासाठी असं दोन्हीसाठी होती, आजच्या चिनीत तिचा उच्चार हुन आहे पण जुन्या काळी त्यातही म होता. मिन, हुन, वेन हे तिन्ही आज एकमेकांचे कोणी वाटत नाहीत, तेव्हा जवळचे होते.)

ही जुनी रूपं खरंच वापरात होती. हान राजघराण्याच्या इतिहासात लिऊ शंग नावाच्या राजपुत्राचं बोलणं नोंदलंय, इसवी सनापूर्वी १३८ चं, बादशहासमोर तो तक्रार करतोय की लोक आमची निंदा करतात, आणि म्हणतो की डास गोळा झाले की मेघगर्जना होते. अजूनही हा चार अक्षरांचा वाक्प्रचार चिनीत चालतो, छोट्या छोट्या अफवा मिळून माणसाला बुडवतात असा अर्थ. त्या इतिहासात तिथे डास जुन्या, दोन किडेवाल्या रूपात लिहिलाय, आजच्या पुस्तकात तोच वाक्प्रचार नव्या अक्षराने. हा लिऊ शंग म्हणजे तोच, ज्याची कबर १९६८ मध्ये हबेई प्रांतात सापडली आणि आत जेडच्या तुकड्यांचा अख्खा पोशाख निघाला.

आता 'म' वर येऊ, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे.

तुम्ही म्हणाल दोन हजार वर्षांपूर्वीचा उच्चार कसा कळला, टेप तर नव्हती. बरेच पुरावे आहेत, पण आपल्या लोकांना सगळ्यात पटकन पटेल असा पुरावा संस्कृतातून येतो. बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना देवांची, माणसांची नावं आवाजावरून लिहावी लागायची. बोधिसत्त्व मंजुश्री आहे ना, त्याचं नाव दुसऱ्या शतकाच्या शेवटी लोयांगमध्ये लोकक्षेम या भिक्षूच्या भाषांतरांत जसं लिहिलं, त्यातलं पहिलं अक्षर हेच, लेखनाचं, डासाच्या उजवीकडचं. आजच्या चिनीत ते नाव 'वेनशूशरली' वाचतात आणि मंजुश्रीशी त्याचं काही नातं असेल असं वाटतही नाही. पण ज्याने लिहिलं त्याला 'मं' ऐकू येत होतं म्हणूनच त्याने ते अक्षर घेतलं. आणि हे बघा, शू शनने डासाचं गावठी रूप नोंदवलं तेही त्याच शतकात! म्हणजे त्या काळात मंजुश्रीचा मं आणि डासाचा उच्चार एकाच घरातले होते, साधारण म्युन असा काहीतरी. पुढे सातव्या शतकात ह्युएन त्संगने, तोच जो आपल्या महाराष्ट्रात येऊन पुलकेशीबद्दल लिहून गेला, मंजुश्रीसाठी दुसरं अक्षर वापरलं, ज्याचा उच्चार आजही 'मान' आहे. जुनी लिप्यंतरं त्याला ठिकठिकाणी चुकीची वाटायची आणि तो ती दुरुस्त करायचा.

दुसरा पुरावा रोजच्या तोंडातला. नमो. चिनीत नमो लिहिताना दुसरं अक्षर 'नसणे' या अर्थाचं घेतलंय, साध्या बोलण्यात ते 'वू' वाचतात. पण मंत्र म्हणताना आजही कोणी वू म्हणत नाही, नामोच म्हणतात, भिक्षूंच्या तोंडी जुना म जपून राहिला. जपानीत नामू आमिदा बुत्सु, व्हिएतनामीत नाम मो, कोरियनमध्ये नामू. तोच म. बाहेर बाजारात म चा व झाला, मंदिरात झाला नाही.

उत्तरेकडच्या चिनीत साधारण तांग राजघराण्याच्या काळात (सातवं ते दहावं शतक) आणि त्यानंतर काही ठराविक स्वरांच्या आधीचा म सैल होत होत ओठ-दातांचा व झाला. डास वेन झाला, दहा हजार हा आकडा वान झाला, नसणे वू झालं. दक्षिणेत मात्र तसं झालं नाही. कॅन्टोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगकडच्या बोलीत, डास आजही 'मन'. हक्का बोलीत 'मुन'. शांघायला गंमत अशी की लेखनाचं अक्षर तिथेही व ने वाचतात, पण डास म्हणायची वेळ आली की 'मन-त्झ', म ने. घरात रोज चावणाऱ्या किड्याचा शब्द लोकांनी बदलू दिला नाही, शाळेतला शब्द बदलला. कोरियनमध्ये या अक्षराचा उच्चार 'मुन'. व्हिएतनामीत 'वान', म्हणजे त्यांच्याकडे ते पोचेपर्यंत म सैल झाला होता.

मग जपानी बुन? तो वेगळ्या रस्त्याने आला. जपानीत चिनी उच्चार दोन मोठ्या लाटांमध्ये आले हे तुम्हाला क्लासमध्ये सांगितलं असेल, गो-ओन आणि कान-ओन. आधीची लाट पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची, दक्षिण चीनच्या बोलीशी जोडलेली, बौद्ध शब्दांत ती जास्त टिकली. त्यात लेखनाच्या अक्षराचा उच्चार 'मोन'. मंजुश्री जपानीत मोंजु, आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून जो मोजी म्हणजे अक्षर हा शब्द वापरताय तो याच कुटुंबातला. नंतरची लाट सातव्या ते नवव्या शतकातली, तांग राजधानी छांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला, जाऊन आलेल्या जपानी विद्यार्थ्यांनी आणि भिक्षूंनी आणलेली. आणि छांगआनच्या लोकांची तेव्हाची खासियत अशी की ते म म्हणताना शेवटी नाक बंद करायचे. आपल्याला जबर सर्दी झाली की 'मला' चं 'बला' होतं ना, तसं. जपानी कानांनी तो ब ऐकला. म्हणून मोन चं बुन, घोडा मे चं बा, सुंदर मि चं बि, झाड मोकु चं बोकु, दहा हजार मान चं बान. नुसता डास नाही, म वाली अक्षरांची अख्खी रांगच्या रांग एकदम ब झाली.

आता सांगा, बुन हा डासाच्या गुणगुणण्यावरून आला असता तर घोडा पण बुन्न करत होता का? आणि मोन वाचणारी जुनी पिढी वेगळ्या आवाजाचे डास ऐकत होती का? डास तेच होते, छांगआनच्या लोकांचं नाक बदललं.

बुन्नची गोष्ट जपानमध्ये इतकी का रुजली हे मात्र समजण्यासारखं आहे, कारण जपानी कानाला पंखांचा आवाज खरंच 'बूऽऽन' असाच ऐकू येतो, तसा शब्दच आहे त्यांच्याकडे. आणि यावर अठराव्या शतकाच्या शेवटी एक फार प्रसिद्ध विनोदी कविता झाली. १७८७ ते १७९३ मध्ये मात्सुदाइरा सादानोबु या मंत्र्याने कडक सुधारणा आणल्या, सामुराईंनी विद्या आणि शस्त्र दोन्हीचा अभ्यास करायचा, त्याला शब्द होता बुन-बु. लोक वैतागले. कवितेचा आशय असा की जगात डासाइतकं त्रासदायक काही नाही, बुन-बु बुन-बु करतो आणि रात्री झोपू देत नाही. त्यात 'एवढं' आणि 'डासाइतकं' हे दोन्ही का-होदो या एकाच आवाजात बसवलेत. इतकी सुंदर कोटी एकदा लोकांच्या तोंडी बसली की अक्षर त्याच्यावरूनच आलं असं वाटणं साहजिक आहे. पण अक्षर तोपर्यंत किमान १६०० वर्षं जुनं होतं, आणि जपानमध्ये बनलेलंही नव्हतं.

आता 'का' चं. तुमच्या मैत्रिणीने बरोबर पकडलं, जपानी माणूस डासाला का च म्हणतो, तो अस्सल जपानी शब्द आहे, चिनी नाही. अक्षर आलं तेव्हा त्याच्यावर त्यांनी आपला शब्द ठेवला. इतका पक्का ठेवला की आठव्या शतकातल्या त्यांच्या सर्वात जुन्या काव्यसंग्रहात, काना ही जपानी उच्चारलिपी नव्हती तेव्हा, नुसता 'का' हा आवाज लिहायला पण कधी कधी डासाचं अक्षर वापरलंय. आजच्या जपान सरकारच्या २१३६ कांजींच्या यादीत डासाचं अक्षर आहे पण त्याचा उच्चार एकच दिलाय, का. बुन नाहीच! म्हणजे क्लासमध्ये ज्या उच्चाराची गोष्ट सांगून अक्षर शिकवलं तो उच्चार अधिकृत यादीत नाहीये. फक्त एक खास शब्द जोडलाय, काया, म्हणजे मच्छरदाणी, डास आणि पडदा अशा दोन अक्षरांचा. त्यावरून एक वाक्प्रचार आहे तो लक्षात ठेवाच, ऑफिसात खूप लागतो: 'काया नो सोतो', मच्छरदाणीच्या बाहेर, म्हणजे ज्याला कोणी काही सांगत नाही, ज्याला चर्चेतून बाहेर ठेवलंय असा. घरातले सगळे आत आणि एकटा बाहेर डास चावून घेतोय. बारीक, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाला ते डासाच्या गुणगुण्यासारखा आवाज म्हणतात. आणि संध्याकाळी डोक्यावर खांबासारखा डासांचा थवा फिरतो त्याला का-बाशिरा, डासांचा खांब.

बुन कुठे जिवंत आहे ते मला अनुभवाने कळलं, आणि अवघड जागी कळलं. पंधराएक वर्षांपूर्वी एका वयस्कर जपानी पाहुण्यांना पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते, दुभाषी म्हणून. ते म्हणाले मला 'हिबुन्शो' आहे, आधीपासूनच, पण आता वाढलाय. मला शब्द कळेना. बुन म्हणजे लेखन, वाक्य, मी मनात तेच धरून बसले, वाचताना काही त्रास होतो का असं विचारत राहिले, ते नाही नाही म्हणत राहिले. शेवटी त्यांनी कागद घेतला आणि तीन अक्षरं लिहिली: उडणे, डास, आजार. डोळ्यासमोर काळे ठिपके, धागे तरंगतात तो त्रास. डॉक्टर लगेच म्हणाल्या हो हो, वयाने होतं, पण अचानक वाढलं असेल तर पडदा बघायलाच हवा, आणि त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून नीट तपासलं. पडदा ठीक होता. पण 'अचानक वाढलाय' हे मी सांगायला दहा मिनिटं उशीर केला ते मला अजून टोचतं. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला हा शब्द शिकवते, यादीत असो नसो. आणि हा शब्द शेजाऱ्यांकडेही तसाच आहे, चिनीत फेइवेन-जंग, कोरियनमध्ये बिमुन-जुंग, तीच तीन अक्षरं. व्हिएतनामीत मात्र उडणाऱ्या माश्या म्हणतात, आणि युरोपातल्या जुन्या लॅटिन नावातही माश्याच आहेत.

कोरियनमध्ये डास म्हणजे मोगी, त्यांचा स्वतःचा शब्द. अक्षर शिकताना ते अर्थ आणि उच्चार जोडून म्हणतात, 'मोगी मुन', म्हणजे डासवाला मुन. मला ही पद्धत फार आवडते, एका दमात दोन्ही गोष्टी पाठ. तिथे डास पाहून तलवार उपसणे असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे, त्यात हा मुन येतो, क्षुल्लक गोष्टीवर केवढा तो राग असा अर्थ. पण दुकानात कॉइल मागताना मोगीच. आज कोरियन मुलं हे अक्षर लिहीतही नाहीत, सगळं हांगुल या कोरियन लिपीत.

व्हिएतनाममध्ये डास म्हणजे मुओइ, आणि तो तर चिनी कुटुंबाबाहेरचा शब्द, कंबोडियाच्या ख्मेर भाषेतल्या मुस या शब्दाचा भाऊ. पूर्वी ते आपली भाषा चिनी अक्षरांच्या धर्तीवर बनवलेल्या नोम लिपीत लिहायचे, तेव्हा मुओइ साठी त्यांनी वेगळं अक्षर रचलं, डावीकडे तोच किडा आणि उजवीकडे मुओइ च्या जवळचा आवाज. म्हणजे चीनमध्ये जी युक्ती केली तीच युक्ती, पण स्वतःच्या शब्दासाठी. आता रोमन लिपी आहे त्यामुळे रस्त्यावर यातलं काही दिसणार नाही.

इथे एक सावधगिरी. मशक, मच्छर, माशी, म्युन, मुओइ, मोगी, सगळे म ने सुरू होतात म्हणून हे सगळे एकच शब्द असं मला दर वर्षी कोणीतरी लिहून पाठवतं. पहिल्या अक्षरावरून नातं ठरत नाही. नातं ठरवायला रांगच्या रांग जुळावी लागते, जशी छांगआनच्या ब ची जुळली.

चिनी बोलणारेही सगळे हा शब्द वापरत नाहीत. तैवानमध्ये घरी जी बोली बोलतात तिच्यात डास म्हणजे 'बांग-आ', त्याचं अक्षर वेगळं, किडा तोच पण उजवी बाजू दुसरी. पुस्तकी वाचनात तिथे आपलं अक्षर 'बुन' वाचतात, जपान्यांसारखंच, कारण तिथेही बऱ्याच म चे ब झाले. आणि मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, तैवानचा एक शब्द आहे, डास-भवन: सरकारी पैशाने बांधलेली मोठी इमारत जिथे कोणी फिरकत नाही, आत फक्त डास.

हाँगकाँगला तर हे अक्षर सगळ्यात जास्त दिसतं आणि त्याचा डासाशी संबंधच नसतो. मी पहिल्यांदा तिथल्या भाजीबाजारात गेले तेव्हा पुठ्ठ्याच्या पाटीवर हाताने लिहिलेलं, १० आणि पुढे डास. शेजारी २० डास. कॅन्टोनीज बोलण्यात डॉलरला 'मन' म्हणतात, तो शब्द मुळात जुन्या तांब्याच्या नाण्यांच्या मोजणीचा, आणि ते नाणं म्हणजे पुन्हा आपलं लेखनाचंच अक्षर. पण चिनी बोलींत सुरावरूनही शब्द बदलतो, त्या अक्षराचा नेहमीचा सूर खालचा, आणि पैशाचा मन म्हणतात वरच्या सुरात, डासाचा जसा असतो तसा. म्हणून लिहिताना लोकांनी सरळ डास उचलला. आवाज जुळला, बास. दोन हजार वर्षांपूर्वी अक्षर ज्या पद्धतीने बनलं तेच बाजारात अजून चालू आहे, हे बघून मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी होते. त्या लोकांचा आणखी एक वाक्प्रचार, 'डाससुद्धा झोपले', म्हणजे तू येईपर्यंत सगळं आटपलं, फारच उशीर केलास.

डासांच्या जातींच्या शास्त्रीय नावांत मात्र दोन स्वभाव दिसतात. चिनी लोकांनी अॅनॉफिलिसचा 'आन', एडिसचा 'यी', क्युलेक्सचा 'कु' घेऊन पुढे वेन लावला: आनवेन, यीवेन, कुवेन. जपान्यांनी डास बघून नाव दिलं: पंखांवर ठिपके असलेला हामादारा-का, झुडपातला याबु-का, घरातला इए-का. २०१४ मध्ये टोकियोच्या योयोगी पार्कमधून डेंग्यू पसरला, देशातल्या देशात लागण व्हायची जवळपास ७० वर्षांतली पहिली वेळ, तेव्हा बातम्यांत तो झुडपातलाच डास होता. आणि लक्षात घ्या, अशी नावं जपानीत काताकाना या उच्चारलिपीत लिहितात, तिथे आपलं अक्षर दिसत नाही.

आपल्याकडची एक खरी ओळख: कासव छाप अगरबत्ती. ती गोल जिलबी जपानची. वाकायामाच्या उएयामा एइइचिरो यांनी १८९० मध्ये शेवंतीच्या जातीच्या एका फुलाच्या भुकटीपासून डासांची उदबत्ती काढली, ती ४० मिनिटांत संपायची, १८९५ मध्ये त्यांच्या बायकोने, युकी यांनी, गुंडाळी करा म्हणून सुचवलं आणि १९०२ मध्ये ती बाजारात आली. जपानीत तिला का-तोरी सेन्को, चिनीत वेन-श्यांग.

आणि संस्कृतातलं दंश-मशक. जैन घरांत बावीस परीषहांमध्ये, म्हणजे साधूंनी सोसायच्या त्रासांमध्ये, ऐकलं असेल, बौद्ध ग्रंथांतही भिक्षूला थंडी, ऊन, डास-माश्या सोसायला लागतात तिथे हीच जोडी येते. चिनी भाषांतरकारांनी तिथे आवाज नेला नाही, अर्थ नेला, वेन आणि मंग, डास आणि गोमाशी. त्यातला दंश मराठीत डास झाला, मशक पुस्तकात राहिला. रोजचा शब्द एक आणि अक्षरातला शब्द एक, ही विभागणी जपानी-कोरियनांसारखी आपल्याकडेही आहेच.

तुमच्या मैत्रिणीला एवढं सांगा की चिनीत 'वेन्झ' म्हणताना दुसऱ्या अक्षराचा सूर सांभाळ. तो चौथा, खाली आपटणारा केला तर लिपी, आणि हलका सोडून दिला तर डास. मी चिनी वेन्झ शिकते असं म्हणताना नवीन मुलं हमखास डास शिकतात.

आणि तुम्हाला परीक्षेत हे अक्षर सुटं आलं तर 'का' लिहा, पुढे पडदा असेल तर 'काया', आणि मागे उडणे आणि पुढे आजार असेल तरच 'बुन'.